पाहुण्याला घातलेल्या शिव्या

घुबड : चिमणीला काढू नकोस, ताई.

कोच : या खोलीत मी कोच. आणि हे तुला कुणी सांगितलं?

घुबड : मॅनेजरनी. कॉफी ओतता ओतता. म्हणाले, आज संध्याकाळी खेळाडू बदलायची मुदत संपते. चिमणी निळ्या संघाकडे जाणार आणि त्यांचा तो उंच मुलगा आपल्याकडे येणार.

कोच : त्या माणसाच्या पोटात काही म्हणता काही राहत नाही. दार लाव आधी.

घुबड : लावलंय. सगळे खाली जेवायला गेलेत.

कोच : मग तूही जा. अर्धा मोसम संपला आणि आठ संघांत आपण सातवे आहोत. मालकांनी स्पष्ट सांगितलंय, पाचांतला एक तरी चेहरा बदला, नाहीतर मी कोच बदलतो.

घुबड : चेहरा चिमणीचाच का?

कोच : कारण प्रत्येक मॅचमध्ये पडद्यावर ती सगळ्यांत आधी मरते. एक गेला की उरलेले चार किती वेळ तग धरणार? हा आलेख बघ. सगळ्यांत खाली ती. तू तर दुसऱ्या नंबरला आहेस.

घुबड : ती आधी मरते हे मला मान्य आहे. का मरते ते सांग.

कोच : घाई करते. मुसंडी मारते.

घुबड : तिला ठेवलंयच मुसंडी मारायला. आणि मला ठेवलंय तिची पाठ सांभाळायला. मी तिथे नसतो.

कोच : असतोस की. रेकॉर्डिंगमध्ये दिसतोस.

घुबड : ती पडल्यावर पोहोचलेला दिसतो. मग तिला मारणारा बंदूक भरत असतो, त्याला मी आरामात टिपतो आणि एक बळी माझ्या नावावर लागतो. ती जितक्या वेळा मरते तितका मी तुझ्या आलेखात वर सरकतो. कळतंय का?

कोच : हे तुझं तुला सुचलं?

घुबड : छे. शिव्या खाऊन कळलं.

कोच : कुणाच्या?

घुबड : रविवारी सुट्टी होती. मी नवं खातं उघडलं, 'पाहुणा' नावाचं, आणि मिळतील त्या चार अनोळखी लोकांबरोबर खेळायला बसलो. त्या चारांत एक आपला वकील निघाला. त्याचं खेळातलं नाव, 'वकील', पडद्यावर होतंच, पण त्याचा आवाज मी झोपेतसुद्धा ओळखेन. मी माझा माईक बंद ठेवला. त्याला कसं कळणार मी कोण ते?

कोच : मग?

घुबड : मग त्याने माझी बिनपाण्याने केली. 'ए पाहुण्या, पुढचा मेल्यावर फुलं घेऊन येतोस का?' इथपासून सुरुवात.

कोच : आपला वकील? इथे तर तो म्हणतो, 'घुबड, बाकी मस्त, जरा लवकर आलास तर बरं.'

घुबड : 'जमलं तर' असंही म्हणतो. तिथे 'जमलं तर' नव्हतं. तिथे म्हणाला, 'तू पावलांचा आवाज यायची वाट बघतोस, ठोंब्या. आवाज आला म्हणजे उशीर झालाच. पुढचा कोपऱ्यावर वळला की तू निघ.' मी निघालो. त्या डावात आमचा पुढचा माणूस शेवटपर्यंत जिवंत राहिला. मला वाटलं, योगायोग असेल. म्हणून परत खेळलो. बाकी सगळं तेच ठेवलं, फक्त निघायची वेळ बदलली. परत तेच झालं.

कोच : थांब. मी त्यालाच फोन करते. ...वकील? वर ये. हो, आत्ता. घास घेऊन ये, काही बिघडत नाही.

(वकील अर्धं सँडविच हातात घेऊन आत येतो.)

वकील : कोच, काय असेल ते असो, मी केलेलं नाही.

कोच : रविवारी 'पाहुणा' नावाच्या कुणाला शिव्या घातल्यास?

वकील : बाप रे. त्याने तक्रार केली? शपथेवर सांगतो, त्या माणसाची तीच लायकी होती. डोळे उघडे ठेवून झोपतो तो. एकच चूक, परत परत, अगदी आपल्या—

कोच : आपल्या कुणासारखी?

वकील : कुणासारखी नाही. सहज तोंडात आलं.

घुबड : बोल ना. आपल्या घुबडसारखी.

वकील : तुला काय माहीत? तू कुठे... ए. तो तू होतास?

घुबड : मीच.

वकील : मेलो. यार, मी तुला फ्रिज म्हणालो.

घुबड : दार उघडं राहिलेला फ्रिज म्हणालास.

वकील : ते रागाच्या भरात.

कोच : त्याची ही चूक तुला कधीपासून दिसतेय?

वकील : मोसम सुरू झाल्यापासून.

कोच : आणि मला एका शब्दाने बोलला नाहीस?

वकील : खरं सांगू, कोच? चिमणी बोलली होती. पहिली मॅच हरलो, दुसऱ्या दिवशी आपण सगळे रेकॉर्डिंग बघायला बसलो, तेव्हा. म्हणाली, 'माझ्या मागे कुणी नव्हतं.' तुम्ही म्हणालात, 'स्वतःचं दुसऱ्यावर ढकलायचं नाही.' त्यानंतर कुणाची टाप होती? बहीण-भावाच्या मध्ये कोण पडणार?

कोच : मी असं म्हणाले?

वकील : हळू आवाजात म्हणालात. ओरडला असतात तर एक वेळ चाललं असतं.

कोच : ठीक आहे. जा, जेवून घे.

वकील : घुबड, त्या शिव्या परत घेऊ का?

घुबड : एकही नको.

कोच : दार लावून जा रे. ...बस खुर्चीवर. असा उभा राहू नकोस.

घुबड : ताई, तुझ्यावर आरोप करायला नाही आलो मी.

कोच : मला दिसत होतं. सगळं नाही, पण तू मागे राहतोस हे दिसत होतं. दर वेळी वाटायचं, आपलाच भाऊ म्हणून आपण जास्त काटेकोर होतोय. म्हणून जे दिसायचं त्यातून थोडं वजा करायचे. आणि वजा करता करता खाली काही उरायचंच नाही.

घुबड : मलाही बरं वाटायचं. कुणी बोलत नाही म्हणजे आपण भारी.

कोच : बरं, आता कळलंय ना? उद्यापासून तू वेळेवर निघ. चिमणी राहील, तूही राहशील. चेहरा कुठला बदलायचा ते बघते मी.

घुबड : दुसरा कुठला? वकील? की ते दोघं, ज्यांचं सगळं नीट चाललंय?

कोच : मालकांशी बोलेन.

घुबड : बोल. तरी माझा प्रश्न तसाच राहतो. ही एक चूक मला चोरून खेळायला गेलो म्हणून सापडली. अशा आणखी किती आहेत ते मला इथे कोण सांगणार? वकील आता तर आणखीनच जपून बोलेल. मॅनेजर म्हणाले, निळ्यांना चिमणी किंवा मी, दोघांपैकी कुणीही चालणार होतं. खरं ना?

कोच : ...हो. पहिलं नाव त्यांनी तुझंच घेतलं होतं. मीच म्हटलं, तो नाही मिळणार.

घुबड : मग म्हण, मिळेल.

कोच : त्यांचा कोच कसा आहे माहितेय? भिंतींवरसुद्धा खेकसतो. मागच्या वर्षी एक मुलगा त्याच्या हाताखाली खेळणंच सोडून गेला.

घुबड : माहितेय.

कोच : आणि ते शेवटचे आहेत. आठवे. तिथून तू पुढे गेलास तर गेलास, नाहीतर दोन वर्षांत तुला कुणी विचारणार नाही. कॉलेज सोडून आलायस तू. आईला मी शब्द दिलाय, याला सांभाळीन म्हणून.

घुबड : आईने सांभाळ म्हटलं होतं. पाठीशी घाल असं नव्हतं म्हटलं.

कोच : फार शहाणा झालास.

घुबड : भीती मलाही वाटतेय, ताई. कदाचित मी दुसऱ्या नंबरचा नसेनच. कदाचित मी साधा, बरा खेळाडू असेन. पण मग ते तरी कळू दे. इथे राहिलो तर तेही कळणार नाही, आणि वर चिमणी फुकट जाईल.

कोच : ...मॅनेजरना मेल लिहिते.

घुबड : थांब. पाठवायच्या आधी एक काम कर. पाठवलीस की मी त्यांचा. मग तू मला काही सांगू शकणार नाहीस.

कोच : काय सांगू?

घुबड : बाकीच्या चुका. आत्ता, काहीही वजा न करता.

कोच : आत्ता?

घुबड : मुदत संध्याकाळी आहे ना?

कोच : ...ठीक. हरायला लागलास की तू बोलायचा बंद होतोस. पाचांतला एक गप्प झाला की उरलेल्यांना अर्धा नकाशा दिसत नाही.

घुबड : पुढे?

कोच : एखादा डाव जिंकून दिलास की पुढचे दोन डाव तोच पराक्रम पुन्हा करायला जातोस. समोरचे ओळखून बसलेत.

घुबड : हं.

कोच : सरावाला वेळेवर येतोस, पण मनाने अर्ध्या तासाने येतोस. आणि कुणी कौतुक केलं की मान खाली घालतोस, त्यामुळे लोकांना तू नम्र वाटतोस. नाहीयेस.

घुबड : हे खेळातलं नाही.

कोच : तू म्हणालास, वजा करू नकोस.

घुबड : बरोबर. पुढे?

कोच : हात चांगला आहे तुझा. फार चांगला. तेही कधी म्हटलं नव्हतं, लोक काय म्हणतील म्हणून.

घुबड : ...पाठव आता.

कोच : पाठवली.

घुबड : झालं?

कोच : झालं. ग्रुपमधून काढते तुला. आणि उद्यापासून या खोलीत यायचं नाही. तीन आठवड्यांनी आपली मॅच आहे, एकमेकांसमोर. तोवर संघ, सराव, कोण कुठे उभं राहतं, यातलं एक अक्षर घरी काढायचं नाही. तूही नाही, मीही नाही.

घुबड : जेवताना पण नाही?

कोच : जेवताना तर अजिबात नाही.

घुबड : मग आपण बोलायचं काय?

कोच : काय माहीत. तू जेवायला ये तर खरा.