गाडलेला आवाज

दातांच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेल्या शिक्षिकेला, शेजारच्या बाकावरच्या बँडवाल्या बहीणभावाचं बोलणं ऐकण्याशिवाय दुसरा उद्योग नव्हता.

“ताई, समीक्षक म्हणतोय, पहिला अल्बम झकास होता. दुसऱ्यात तुझा आवाज गिटारींखाली गाडला गेलाय.”

“गेला नाही, मीच गाडलाय. गाणी कारखान्यातल्या बाईची आहेत. यंत्रांपुढे तिचं कोण ऐकतं?”

“हे लोकांना कसं कळणार?”

“कान देतील त्यांना कळेल. पहिल्या अल्बमच्या वेळी हाच समीक्षक लिहीत होता, पोरगी नुसती किंचाळते.”

“रेकॉर्ड कंपनी म्हणते, आवाज वर आणा, नाहीतर तिसरा अल्बम विसरा.”

“फोन लाव त्यांना.”

“भांडू नकोस हं.”

“छे! अगदी हळू ‘नाही’ म्हणते. ऐकायचं असेल तर तिकडचा गोंगाट त्यांनी बंद करावा.”