पौड फाटा, सकाळी साडेसहा

कोथरूडच्या एका दवाखान्यात माझ्या शेजारी दोघं नंबरची वाट बघत होती. हाताला प्लास्टर असलेली एक मुलगी आणि स्वेटर, मफलर घातलेले एक आजोबा.

“पडलीस वाटतं?”

“सायकलवरून. धुक्यात खडी दिसलीच नाही.”

“धुक्यात निघायचं कशाला?”

“सातला ऑफिस असतं, काका. सेनापती बापट रस्त्यावर, सॉफ्टवेअर कंपनीत. बाबा म्हणतात, पुरे झालं पुणं, अमरावतीला परत ये.”

“मग?”

“रविवारचं रिझर्व्हेशन केलंय.”

“नोकरी आवडत नाही?”

“खूप आवडते हो! पण आता सायकलची भीती वाटते.”

“मी रोज साडेसहाला पौड फाट्यावरून चतुःशृंगीच्या देवळाला जातो, तुझ्या ऑफिसच्याच रस्त्याने. सायकलला मोठा दिवा आहे. माझ्या मागून येत जा.”

“तुम्हाला कशाला त्रास?”

“उपकार नाही करत. सत्तरी उलटली. डॉक्टर म्हणतात, थंडीत एकट्याने सायकल बंद. सोबत असेल तर चालेल.”

“मग सोबत कोण असतं?”

“अजून तरी कोणी नाही.”

“…प्लास्टर दहा जानेवारीला निघतंय, काका.”

“मग अकराला ये. उशीर केलास तर मी थांबत नाही.”