भाऊंनी मारलेला रंधा

रंध्याचं पातं किती बाहेर ठेवायचं, हे आमच्या गावात फक्त भाऊंनाच कळतं. पुढारी हायत ना!

भाऊंच्या नव्या घराचं सागवानी दार माझे मामा करत होते. मामा पात्याला हातोडीनं हळूच टिचकी मारायचे, एक डोळा मिटून बघायचे, मग पुन्हा टिचकी. तेवढ्यात भाऊ फोटोवाला घेऊन आले.

"मिस्त्री, एवढं भीत भीत कावून ठोकता? आना इकडं."

"भाऊ, पातं केसभरच बाहेर पायजे."

"आमाला शिकवता?" म्हणत भाऊंनी पात्यावर दोन दणके घातले अन् कॅमेऱ्याकडं बघत रंधा रेटला. रंधा खाडकन रुतला. दाराच्या मधोमध तळहाताएवढी ढलपी उडून खड्डा पडला.

"रंधाच बाद हाय तुमचा," म्हणून भाऊ निघून गेले.

वास्तुशांतीला मामांनी भाऊंचा रंधा रेटतानाचा तोच फोटो केजहून मोठा करून आणला. भाऊ लई खूश! मामांनी तो दाराशेजारच्या भिंतीवर, बरोबर खड्ड्याच्या उंचीला ठोकला.

मी विचारलं, "मामा, एवढा मान कावून?"

"मान कशाचा रे? येनारा जो तो विचारनार, हे दार कोन्या मिस्त्रीनं केलं. आता विचारायची गरज न्हाई."