गल्लीची कुत्री

बुलढाण्याच्या एसटी स्टँडवर रांगेत पुढं उभ्या कौशल्याबाई अन् बानो बोलत होत्या, अन् मागं इंद्रभान कान टवकारून ऐकत होता.

“बानो, आपल्या गल्लीतली लंगडी कुत्री मिशनच्या गोऱ्या नर्सबाईनं विलायतेले नेली म्हणे.”

“हाव ना, कौशल्याबाई. बेवारस कुत्र्यायले थे तिकडं घरं पाहून देते.”

“बेवारस काऊन? तव्यावरची शेवटची भाकर रोज तिचीच राहे.”

“मंग बाईनं दारोदार ‘कोणाची’ म्हणून इचारलं, तवा तुमी काय सांगितलं?”

“भाकर माही, दूध तुह्यं, निजे ती वाण्याच्या ओट्यावर. म्या सांगितलं, गल्लीची आहे.”

“मीबी तेच सांगितलं.”

“गल्लीची म्हंजे कोणाचीच नाही, असं समजली थे.”

“जाऊ द्या. तिकडं सुखात असंन.”

“असंन. पण तिची भाकर आजबी थापली गेली माह्या हातानं.”