खतातलं लाल फडकं
पनवेलला कसली आलीय थंडी, असं मीही म्हणायचो. नव्वद-एक्क्याण्णवच्या त्या डिसेंबरात सकाळी परसातल्या खताच्या खड्ड्यात फावडं घातलं, तर लाल फडक्यात बांधलेलं भांडं वर आलं. मला काही कळेना. कुंपणापलीकडून शेजारच्या काकू ओरडल्या, “हात नको लावू, करनी हाय ती!”

तेवढ्यात बायको धावत आली. “अहो, हलवू नका, दही मोडेल!”

“खतात दही?”

“थंडीत लागतच नाही ते. तुम्हीच म्हणालात ना, खत आतून गरम असतं?”

काकू कुंपणावरून वाकून खड्डा निरखून बघू लागल्या.

दुसऱ्या दिवशी जपून फावडं घातलं, तर लाल फडक्यातली दोन भांडी निघाली. त्यातलं आमचं कुठलं, हे बायकोलाही सांगता येईना.