आठ सोनेरी, एक काळा

जबाब. दि. १८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार. दुपारी ३ वाजून ५० मिनिटे.

मी, भावकू मष्णू घाडी, वय ६४ वर्षे, लाकूड डेपोतून सेवानिवृत्त मोजणी कारकून, मूळ गाव खानापूर तालुक्यात, सध्या राहणार मुलाच्या फ्लॅटवर, टिळकवाडी, बेळगाव. समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मला कन्नड येते, पण विषय घरचा आहे म्हणून मराठीत सांगत आहे. दवाखान्यात भेटायची वेळ चार ते सहा आहे. तेव्हा जरा भरभर लिहावे.

घरात मी, पत्नी गुणाबाई, मुलगा नागेंद्र व सून प्रियदर्शनी असे चौघे. सून हायस्कुलात विज्ञान शिकवते. पत्नीस जून महिन्यापासून हृदयाचा त्रास आहे. उद्या सकाळी आठ वाजता तिचे ऑपरेशन आहे.

पत्नी पहिल्यांदा चक्कर येऊन पडली त्या आठवड्यात मी गावाकडच्या एका वास्तू बघणाऱ्यास घर दाखवले. त्याने हॉलमध्ये फिशटँक ठेवायला सांगितले. मासे नऊच पाहिजेत, आठ सोनेरी आणि एक काळा. मासा मेला तर वाईट वाटून घ्यायचे नाही, घरावर येणारे त्याने अंगावर घेतले असे समजायचे. मात्र त्याच दिवशी दिवेलागणीच्या आत दुसरा आणून नऊ पुरे करायचे.

मी दोन फुटांचा टँक आणला. मासे टिळकवाडीतल्याच दुसऱ्या रेल्वे गेटजवळ भरमू याचे दुकान आहे तिथून घेतले. त्याच्याकडे काळा गोल्डफिश संपला होता, आठवड्याने येतो म्हणाला. पत्नीची तपासणी दुसऱ्याच दिवशी होती. मला आठवडा कुठला थांबायला होतोय! बाजूच्या काचेत एक काळपट पिल्लू होते, ते द्या म्हटले. भरमू म्हणाला, "काका, हा ऑस्कर हाय. आत्ता बोटाएवढा दिसतोय, चार महिन्यांत हाताएवढा हुतो. तोंडात मावंल ते गिळतो आणि मावत न्हाय त्याची शेपटी कुरतडतो. ह्याला ऊन पाणी लागतं, गोल्डफिशला गार. ह्यांच्यात घालू नकासा." शिवाय दोन फुटांत आठ गोल्डफिश लई झाले, दोनच न्या, असेही तो म्हणाला. विकणाराच घेऊ नका म्हणतो, म्हणजे यात काहीतरी गोम आहे असे मला वाटले. माझा जन्म मोजणीत गेला. नऊ म्हणजे नऊ.

सुनेनेही सांगितले होते. "मामा, हे मासे घाण लई करतात. इतक्यांची घाण एवढ्याशा पाण्यात साठली की तेच पाणी त्यांना विष होतं. पंप लावून भागत नाही." मी तिला म्हटले, तू शाळेत शिकव. हे तिला लागले असणार. मी तेव्हा त्याचा विचार केला नाही.

जुलैपासून आजपर्यंत अकरा मासे मेले. सकाळी उठले की मी आधी टँक बघायचो. एखादा उलटा तरंगताना दिसला की खरे सांगतो साहेब, मला बरे वाटायचे. पत्नी दवाखान्यात असली की लगेच फोन करून सांगायचो, "गुणा, आज एक गेला. तुझ्यावरचं तेवढं टळलं." आणि दुकान उघडायच्या आधी भरमूच्या दारात जाऊन उभा राहायचो.

काल रात्री मी दवाखान्याच्या व्हरांड्यातच थांबलो होतो, आज दुपारी एक वाजता पत्नीचे कपडे न्यायला घरी आलो. टँकमध्ये फक्त ऑस्कर होता. आठही सोनेरी नाहीत. त्याने खाल्ले म्हणावे तर त्याचे पोट सपाट होते. उद्या ऑपरेशन आणि आज टँक रिकामा. टँक धुवायला भरमूच घरी येतो, त्याला घरची माहिती आहे, म्हणून माझा संशय त्याच्यावर गेला.

मी चालतच दुकानात गेलो. मोठ्या टँकमध्ये माझे मासे दिसले. एकाची शेपटी अर्धी आहे, त्यावरून ओळखले. मी जाळी उचलली. भरमूने माझे मनगट धरले. तो म्हणत होता, "काका, ऐका तरी, मॅडमनी स्वतः..." मी ऐकून घेतले नाही. त्याला चोर म्हटले. ओढाओढीत स्टँडवरचा रिकामा टँक खाली पडला आणि काच भरमूच्या तळहातात घुसली. त्याला चार टाके पडले आहेत. चूक माझी आहे. लिहा.

लोकांनी आम्हा दोघांस ठाण्यात आणले. तीनच्या सुमारास सून शाळेतून आली. मासे आपणच सकाळी बादलीतून दुकानात नेऊन ठेवले असे तिने सर्वांसमक्ष सांगितले. मी तिला वाटेल ते बोललो, तुला सासूचे बरे बघवत नाही इथपर्यंत. ती रडली नाही. म्हणाली, "मामा, मला आत्यांनीच सांगितलं. ते जीव माझ्या नावावर मरतात, मला डोळा लागत नाही, काढ त्यांना, म्हणाल्या. मामांना सांगू नको, ते परत भरतील, असं पण म्हणाल्या."

माझा विश्वास बसला नाही. हवालदारांच्या परवानगीने मी ३ वाजून ४० मिनिटांनी पत्नीस फोन लावला. तिने उचलला. मी काही बोलायच्या आधीच ती म्हणाली, "आज कितवा गेला?"

मी म्हटले, "कोण गेलं न्हाय गं."

ती म्हणाली, "मग फोन कशाला केलासा?"

भरमूविरुद्ध माझी कोणतीही तक्रार नाही. त्याच्या हाताचा खर्च मी देईन. ऑस्करही त्याने वेगळ्या टँकात न्यावा, असे मी त्यास सांगितले आहे.

वरील मजकूर मला मराठीत मोठ्याने वाचून दाखवला. तो मी बोललो तसाच आहे, त्यात जास्तीचे काही घातलेले नाही. पत्नीच्या प्रश्नाला मी अजून उत्तर दिलेले नाही, त्यामुळे ते यात नाही.

सही, भा. म. घाडी
वेळ ४ वाजून ३५ मिनिटे