भुजंगरावाची कागदावरची वाटणी

...आन वर लोक म्हणतात, डोकं लावलं भुजंगरावानं! कसलं डोकं हो? तुम्हाला सांगतो, लढाईच्या सालांत आपल्या हसनाबादेत कुणी काय काय भोगलं आसंल, पण घरात दुभती म्हैस, कोठीत जवारी, बायको जित्ती, आन तरी गोठ्यात बसून सोताच्या हातची जळकी भाकर खाणारा माणूस एकच... भुजंगराव! काहून? तर म्हणे लेव्ही वाचवायची!

आता लेव्ही म्हंजी काय हे तुम्हाला मी काय सांगू? लढाई लागली तवापासून सरकार दर साली खळ्यावरून दाणे नेऊन राह्यलं, आन ज्याची जमीन जास्ती त्याच्यावर दर बी चढता. भुजंगरावाचा जीव थाऱ्यावर न्हाई. खळ्यावर बसंना, घरात बसंना, बिडी पेटवायचा ती बी उलटी! शेवटी गेला अमरचंद शेटच्या दुकानात. शेट मारवाडी, पण तीन पिढ्या इथंच, बोलणं आपल्यापेक्षा साफ.

"भुजंगराव, सगळी जमीन एका नावावर काहून ठेवून राह्यले? थोडी पोराच्या नावानं करा, थोडी घरवालीच्या. तीन छोटे खातेदार, लेव्ही हलकी. बिलकुल कायद्यात!"

"आन शेट, जमीन हातची गेली मंग?"

"जमिनीला काय पाय हायेत? ती तिथंच. वाटणी निस्ती कागदावर!"

निस्ती कागदावर! हे एवढं ऐकलं आन गडी उडतच घरी आला. माळाचं रान केलं पोराच्या, रामरावच्या नावानं. मधलं ठेवलं सोताकडं. आन इहिरीचं रान, गावात एक नंबर, उन्हाळ्यात बी हिरवंगार, ते कुणाला? बायकोला, झुंबरबाईला! का, तर रामराव उद्या सासऱ्याचं ऐकून फिरंल, पण झुंबरबाई लग्न झाल्यापासून एका शब्दानं उलटली न्हाई. अंगठा घेताना म्हणला, "काळजी करू नको, निस्तं कागदावर हाय." ती म्हणली, "बरं." बस! एवढंच... बरं!

पण पटवारी म्हणला, "भुजंगराव, चुली बी येगळ्या दिसाया पायजेत. माझ्या वरचे गिरदावर साहेब घरात येऊन बघतात." झालं! बायकोची चूल सैपाकघरात, रामराव-सुनेची वसरीत, आन भुजंगरावाची कुठं? गोठ्यात! गिरदावर आला तवा भुजंगराव असा फुंकून राह्यल्ता, असा फुंकून राह्यल्ता, की म्हैस खोकाया लागली हो!

गिरदावर झुंबरबाईला म्हणला, "कुएँवाला खेत किसका?"

"माझं."

"कौन बोता?"

"मी सांगंन तो."

आन भुजंगराव मनात खुश, वा रं पठ्ठी, काय सोंग वठवलं! गिरदावरानं मंग गोठ्यातली ती काळी भाकर उचलली, उलटीपालटी करून बघितली आन म्हणला, "ये आदमी तो बराबर अलग है!" मंजूर! लेव्ही हलकी! भुजंगराव नाचायचाच बाकी.

दुसऱ्या दिशी म्हणला, "अगं, इझवा आता चुली. वाढ मला." झुंबरबाई म्हणली, "आन गिरदावर परत आला मंग? जेलात जायचं का?" बोलणं बराबर हो! गडी गेला गोठ्यात. आज इझंल, उद्या इझंल... चूल काही इझंना! निस्तं कागदावर म्हणता म्हणता गड्याच्या मिशा होरपळल्या!

आन मंग एका सकाळी इहिरीच्या रानात बघतो तर कोण? गोजरबाई! थोरली लेक. नवरा वारला तवा आष्टीच्या सासरच्यांनी तिला दावणीच्या जनावरागत राबवली. दोनदा आल्ती बापाच्या दारी, आन दोन्ही वेळा ह्यानंच वाटंला लावलं, "दिल्या घरी राहा बाई, लोक काय म्हणतील?" तवा झुंबरबाई आत चुलीपाशी होती, काही बोलली न्हाई. आता गोजरबाई रानात पाटाचं पाणी फिरवून राह्यली, आन बांधावर माय उभी.

"हिला कुणी आणलं?"

"म्या. रान माझं हाय. तिला कसाया देलं."

"अगं, ते निस्तं कागदावर..."

"व्हय. अंगठा मीच देल्ता."

गडी पायतानं न घालताच गेला भोकरदनला तहसीलीत. "साहेब, ती वाटणी मोडा." साहेब शांत माणूस. म्हणला, "क्यों? झूठी थी क्या? झूठी थी तो लेव्ही पूरी, और मुकदमा अलग." आता बोल! भुजंगराव हात जोडून म्हणतो, "न्हाई साहेब! सच्ची! बिलकुल सच्ची!" सोताच्या तोंडानं बोलून आला हो... तहसीलदाराच्या म्होरं!

घरी आला तवा दोन्ही सांजा उपाशी. गोठ्याकडं पाय वळंना. सैपाकघराच्या उंबऱ्याशी उभा राह्यला. आत गोजरबाई भाकरी थापून राह्यल्ती. तिनं बापाकडं बघितलं, बाप खाली बघाया लागला. मंग म्हणला, "बाई... पाणी पुरतं का रानाला?"

"पुरतं, बा."

झुंबरबाईनं पाट मांडला. भुजंगराव बसाया गेला, तर म्हणली, "थांबा. चूल येगळी हाय. आधी मापटंभर जवारी टाका, मंग बसा." गेला बिचारा, आपल्या कोठीतून आणली, टाकली. तवापासून रोज तसंच.

मी परवा इचारलं, "भुजंगराव, काय मिळालं ओ?" तर म्हणतो, "सरकार वर्षातून एकदा नेत होतं, ही दोन टायमाला नेते. पण सरकारनं कधी वांग्याची भाजी वाढली न्हाई बघ."